वारा नेतो, पाऊस धुतो, समुद्र गिळतो?

'कोकणाला प्रदूषणाची भीती दाखवू नका. धूर वारा नेतो, घाण पाऊस धुतो, उरलंसुरलं समुद्र गिळतो. आणि तशीही इथे माणसं आहेतच किती? होऊ द्या शहरं.' अशा अर्थाचा मजकूर सध्या व्हॉट्सअॅपवर गावोगाव फिरतोय. शहरं होऊच नयेत असं माझं म्हणणं नाही, पण दिलेलं एकही कारण टिकत नाही.

दिवसा खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात. म्हणजे किनाऱ्यावरच्या शहराचा धूर जातो तो सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत. रात्री मतलई वारे उलटे फिरतात, आणि हिवाळ्यात वारा पडला की धूळ जागच्या जागी राहते. मुंबईला तर तीन बाजूंनी समुद्र. तरी २०२३ च्या ऑक्टोबरात तिथली हवा इतकी बिघडली की महापालिकेने मोठ्या बांधकामांभोवती ३५ फुटी पत्र्यांची सक्ती केली आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

पाऊस धुतो, हे मात्र नीट बघायला हवं. एक तर तो चार महिन्यांचा. उरलेल्या आठ महिन्यांत शहरातल्या व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, वाहतं पाणी नसतं, असतं ते सांडपाणी. दुसरं, आपल्याकडच्या बहुतेक गावांत आणि छोट्या शहरांत भुयारी गटार नाही. चार मजली इमारत उठते आणि तिच्या मागे सेप्टिक टाकी नि शोषखड्डा. टाकीत गाळ खाली बसतो, पाणी जंतूंसकट पुढे जातं. जाड मातीत ते थोडंफार गाळलं तरी जातं. आपल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मातीचा पातळ थर आणि खाली भेगाळ, सच्छिद्र जांभा दगड. एका घराचा खड्डा जमीन कदाचित सोसेल, वीस बिऱ्हाडांचा नाही. पावसाळ्यात भूजल वर येतं, खड्डा त्यात बुडतो, आणि तेच पाणी उताराच्या विहिरीत काठोकाठ भरतं. दिसतं स्वच्छ. ते तपासून घ्यायचं कोणाच्या मनातही येत नाही.

समुद्राबद्दल फार लिहीत नाही. पावसाळी उधाणानंतर किनाऱ्यावर पडलेलं प्लास्टिक सगळ्यांनी पाहिलंय. न दिसणारं खाडीतच राहतं. तिसऱ्या नि कालवं हे खाण्याचे शिंपले पाणी गाळून त्यातलं अन्न खातात, त्यामुळे खाडीतला मैला त्यांच्यात साठतो.

राहता राहिली माणसं. २००१ ते २०११ दरम्यान रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, हे खरंच. पण रत्नागिरीत शहरी लोकसंख्येचा वाटा त्याच दशकात वाढला. वाड्या ओस पडल्या तरी मैला एका जागी गोळा होतोच, आणि शोषखड्ड्याला जिल्ह्याची एकूण बेरीज कळत नाही.

'मग विकास थांबवायचा का?' असं विचारणाऱ्यांनी वेंगुर्ल्याला जावं. तिथल्या नगरपरिषदेने घरोघरी कचरा वेगळा करून घ्यायला लावला, ओल्यापासून बायोगॅस केला, आणि कचरा डेपोच्या जागी आज लोक फिरायला जातात. सांडपाण्याचं तेवढंच मनावर घेतलेलं छोटं शहर मला अजून कोकणात दिसलेलं नाही. नव्या इमारतीत फ्लॅट बघायला जाल तेव्हा समुद्र दिसतो का हे विचाराच, पण टाकीतलं पाणी कुठे सोडलंय तेही विचारा.