‘गोचिडी काय, पूर्वीपासून होत्याच’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. (सत्तरी ओलांडल्याचं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणते.)

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : लालबागच्या चाळीतले कुत्रे गोचिडींसकट जगले, पावसाळ्यात रॉकेलाचा बोळा फिरवला की भागायचं, आणि कुत्र्यांच्या गोचिडींवरच्या माझ्या लेखात ‘वर्षभर औषध द्या’ असं लिहून मी कंपन्यांचा धंदा वाढवतेय. शेवटी जाता जाता लिहिलंय की तुमचा मोती चार दिवस नीट जेवत नाही. त्याच्याकडे येतेच.

गोचिडी पूर्वीपासून होत्या, हे खरंच आहे. त्यांच्यामुळे कुत्र्यांना होणारे आजारही होते. बबेसिया गिब्सोनी हा रक्तातला परजीवी पहिल्यांदा नोंदला गेला तो आपल्याच देशात, मद्रासच्या शिकारी कुत्र्यांमध्ये, 1910 साली. पण चाळीतले जे कुत्रे जगले तेच आपल्या लक्षात राहिले. जे पांढरे पडून, नाकातून रक्त येऊन गेले, त्यांना ‘कुणीतरी विष घातलं असणार’ म्हणून आपण विसरलो. तेव्हा रक्त तपासून बघत होतं कोण?

आता पावसाळ्याचं. तपकिरी गोचीड कुत्र्याच्या अंगावर राहते ती फक्त रक्त पिण्यापुरती. पोट भरलं की खाली उतरते आणि भिंतीच्या भेगेत, जिन्याच्या फळीखाली, वॉचमनच्या गोणपाटात जाऊन बसते. एक मादी हजारांनी अंडी घालते. त्यातून निघालेलं पिल्लू एकदा रक्त पितं, उतरतं, कात टाकतं. मग पुन्हा चढतं, पुन्हा उतरतं. मोठी झालेली गोचीड उपाशीपोटी कित्येक महिने तग धरते. मुंबईत थंडी अशी पडतेच कुठे की हे चक्र थांबावं? म्हणून जानेवारीतही औषध चुकवू नका, असं मी लिहिते. तुम्ही अंगावरच्या दहा काढता तेव्हा पुढची फौज मीटरच्या पेटीमागे असते. भेगा बुजवणं, कुत्र्याचं अंथरूण गरम पाण्यात धुणं आणि जिन्यात झोपणाऱ्या कुत्र्यांनाही औषध देणं, हे सगळं एकत्र केलं तरच उपयोग. त्यांना जेवण घालणारे लोक इमारतीत असतातच. डॉक्टरांना वजनाचा अंदाज सांगून गोळी घ्यायची आणि खाण्यातून द्यायची.

रॉकेल मात्र कृपा करून बंद करा. त्याने कातडी भाजते आणि कुत्रा ते चाटतो. चिमट्याने गोचीड अगदी कातडीलगत धरायची, सरळ ओढायची आणि स्पिरिटात टाकायची. नखाने चिरडायची नाही.

धंद्याबद्दल : माझ्या लेखात एकाही कंपनीचं नाव नाही. गोळी परवडत नसेल तर मानेवर टाकायचे थेंब आहेत, डॉक्टरांना विचारा. गोळी म्हणजे कवचकुंडलं नव्हेत, हेही सांगते. बहुतेक गोळ्यांनी गोचीड मरते ती चावल्यावर, आणि एर्लिकिया या गोचिडीतून होणाऱ्या आजाराचे जंतू चावल्यापासून काही तासांतही रक्तात उतरू शकतात. म्हणून गोळी चालू असली तरी फिरून आल्यावर कानात, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली हात फिरवून बघायचंच. आणि कुत्र्याला फिट येत असेल तर गोळी निवडण्याआधी डॉक्टरांना सांगायचं.

आता मोती. काका, बाकीचा वाद राहू दे. आज त्याचा ओठ वर करून हिरड्या बघा. फिक्या आहेत का? लघवी चहासारखी गडद होतेय का? पोटावर लाल-जांभळे ठिपके? यातलं काही दिसलं नाही तरी रक्त तपासून घ्याच : हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायला काचपट्टीवर रक्ताचा थेंब. एर्लिकियात कुत्रा काही दिवस तापतो, मग महिनोन् महिने बरा दिसतो, आणि आतून प्लेटलेट कमी होत राहतात. लालबागहून परळचं बैलघोडा हे जनावरांचं हॉस्पिटल जवळ आहे. घरातली तापाची गोळी देऊ नका, आणि शेजाऱ्याकडचं उरलेलं डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिकही नको : एर्लिकियावर ते साधारण चार आठवडे पूर्ण द्यावं लागतं, आणि बबेसिया निघाला तर औषधच वेगळं. रिपोर्ट आला की मोतीचं कसं आहे ते इथेच कळवा, मी वाट बघतेय.