घड्याळातील कॅलरी आणि प्रत्यक्ष खर्च

व्यायामात खर्च झालेल्या जेवढ्या कॅलरी मनगटी घड्याळ दाखवते तेवढे जेवण वाढवायला हरकत नाही, असे एका लेखात वाचले; ते विधान मला घाईचे वाटते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सात मनगटी उपकरणे तपासली होती. हृदयगती बहुतेकांनी बरोबर मोजली, मात्र ऊर्जेच्या अंदाजात त्यांतले सर्वांत अचूक उपकरणही सुमारे २७ टक्क्यांनी चुकले. शिवाय असे आकडे अनेकदा एकूण खर्चाचे असतात. ताशी ५ किलोमीटरच्या आसपास चालण्याचे मूल्य ३.५ मेट (म्हणजे शांत बसलेले असतानाच्या खर्चाच्या साडेतीन पट; १ मेट म्हणजे दर किलो वजनामागे तासाला सुमारे १ किलोकॅलरी, जिला बोलीभाषेत नुसती कॅलरी म्हणतात) धरले, तर ७० किलो वजनाच्या व्यक्तीचा तासाभराचा खर्च २४५ किलोकॅलरी निघतो. परंतु त्यांतल्या साधारण ७० नुसते खुर्चीत बसूनही खर्च झाल्याच असत्या, त्यामुळे व्यायामाच्या खात्यावर जेमतेम १७५ जमा होतात. ट्रेडमिलचा दांडा घट्ट धरून चढावर चालणाऱ्यांचा (व्यायामशाळेत हे दृश्य नित्याचेच) हिशेब तर आणखी फुगतो, कारण शरीराचा काही भार हातांवर जातो आणि यंत्राला त्याचा पत्ता नसतो. अचूक मोजणीसाठी तोंडावर मुखवटा लावून प्राणवायूचा वापर मोजावा लागतो; घरी ते शक्य नसल्याने निदान एकाच उपकरणाचे आकडे आठवड्यागणिक आपसांत ताडून पाहावेत.