एक आड एक उलटी कॉइल आणि तुमचा तापलेला डेल्टा

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ९ कॉइल आणि प्रत्येक रोटरवर (फिरणाऱ्या चकतीवर) १२ चुंबकं असलेल्या घरगुती थ्री-फेज जनरेटरच्या लेखात मी सगळ्या कॉइल एकाच दिशेनं जोडायला सांगितल्या, हे मोटार-वाइंडिंगच्या नियमाविरुद्ध आहे. शिवाय स्टारचा (तिन्ही फेजचं एकेक टोक एकत्र जोडण्याचा) आग्रह धरून मी लोकांना १.७३ पट करंटला मुकवतो. म्हणून तुम्ही एक आड एक कॉइल उलटी करून डेल्टा जोडला, म्हणजे तिन्ही फेज टोकाला टोक जोडून बंद केल्या. आता बॅटरी लावलेली नसतानाही रोटर जड फिरतो, कॉइल तापतात आणि व्होल्टेज जेमतेम मिळतं. लेखच चुकीचा आहे, असा तुमचा निष्कर्ष.

तुम्ही लक्षणं इतकी नेमकी लिहिली आहेत की दोष कुठे आहे ते त्यांतूनच सापडतं.

एक आड एक उलटी हा नियम खोटा नाही. जितकी चुंबकं तितक्याच कॉइल असलेल्या सिंगल-फेज यंत्रात तो बरोबर आहे. तिथे एका कॉइलसमोर उत्तर ध्रुव असताना शेजारणीसमोर दक्षिण असतो, म्हणून तिची टोकं उलटवावी लागतात. आपल्या यंत्रात चुंबकं ३० अंशांवर आहेत आणि कॉइल ४० अंशांवर. एका फेजमध्ये, म्हणजे एकामागून एक जोडलेल्या तीन कॉइलच्या गटात, १, ४ आणि ७ या कॉइल येतात, म्हणजे त्या एकमेकींपासून १२० अंशांवर. १२० अंशांत बरोबर चार चुंबकं मोजली जातात. पहिलीसमोर उत्तर ध्रुव असेल तर चार घरं पुढेही उत्तरच, आठ घरं पुढेही उत्तरच. तिघींना एकाच क्षणी एकच ध्रुव दिसतो. मग त्यांतली एक उलटी का करायची?

तुम्ही २, ४, ६ आणि ८ उलट्या केल्यात. आता फेज मोजू या. १-४-७ मध्ये दोन सुलट, एक उलट: तीन कॉइलच्या ऐवजी एका कॉइलचं व्होल्टेज उरलं. ३-६-९ मध्येही तेच. २-५-८ मध्ये मात्र दोन उलट आणि एक सुलट, म्हणजे तिथेही एकाच कॉइलचं व्होल्टेज, पण उलट्या दिशेचं. तिन्ही फेज एक-तृतीयांशावर आल्या आणि मधली फेज पूर्ण उलटली. म्हणून व्होल्टेज जेमतेम.

आता तापण्याकडे वळू. डेल्टा म्हणजे तीन फेजची बंद साखळी. तिघींची दिशा बरोबर असेल तर साखळीतली व्होल्टेजची बेरीज शून्याच्या जवळ येते. एक उलटली तर बेरीज एका फेजच्या दुप्पट होते आणि ती साखळीतच फिरत राहते, बॅटरी असो वा नसो. तुमच्या वेगाला एक कॉइल ३.५ व्होल्ट देते आणि प्रत्येक फेजचा रोध ०.३ ओहम आहे असं धरा. साखळीत ७ व्होल्ट आणि ०.९ ओहम, म्हणजे जवळपास ८ अँपिअर! पन्नासेक वॅट नुसते तांबं तापवण्यात जातात, आणि ते तुमच्या हाताला जडपणा म्हणून जाणवतात.

१.७३ पट करंटबद्दल. करंट खरंच तेवढा वाढतो, पण व्होल्टेज तेवढंच उतरतं. त्याच ३.५ व्होल्टच्या कॉइल बरोबर जोडल्या तर फेजला १०.५ व्होल्ट मिळतात. स्टारमध्ये लाइनला (दोन फेजच्या बाहेरच्या टोकांमध्ये) १८.२, त्याचं शिखर १.४१ पट, त्यातून ब्रिजमधल्या (एसीचं डीसी करणाऱ्या जोडणीतल्या) दोन डायोडचे १.४ वजा जाऊन २४.३. डेल्टात त्याच वेगाला १३.४. म्हणजे स्टार जिथे २४ व्होल्टच्या बॅटरीला हात घालतो, तिथे डेल्टाला जवळजवळ पावणेदोनपट वेग लागतो. तांब्यातला तोटा दोन्हीकडे सारखाच, कारण कॉइलमधला करंट तोच. डायोडवरचा तोटा मात्र डेल्टात वाढतो, कारण त्यांतून जास्त करंट जातो. वॅट चुंबकं, तांबं आणि वेग ठरवतात, जोडणी नाही. डेल्टाची एक बाजू मला मान्य आहे: बारीक तारेचे जास्त वेढे मारणं जाड तारेपेक्षा सोपं असतं, आणि असे वेढे असतील तर डेल्टा शोभतो. पण फेज अगदी जुळलेल्या हव्यात.

माझी चूक दुसरीच आहे, आणि ती तुमच्या प्रतिक्रियेमुळे लक्षात आली. लेखात मी जोडणी सांगितली, पण बंद करण्याआधीची तपासणी सांगितली नाही. माझ्या पहिल्या स्टेटरमध्ये (रेझिनमध्ये ओतलेल्या कॉइलच्या स्थिर चकतीत) एक कॉइल साच्यात पालथी पडली होती. पालथी कॉइल म्हणजे उलटी कॉइल. रेझिन वाळल्यावर मोजलं तर दोन फेज ९ व्होल्ट आणि तिसरी ३. तो स्टेटर वाया गेला. हे लेखात पहिल्या ओळीला यायला हवं होतं. आता घातलं आहे.

तपासताना रोटर ड्रिलनं मिनिटाला ५०० फेऱ्यांवर फिरवा, म्हणजे ५० हर्ट्झ मिळतात. हातानं फिरवलं तर ५-६ हर्ट्झला डिजिटल मल्टिमीटरचा आकडा भरवशाचा नसतो. आधी तिन्ही फेज सुट्या मोजा, आकडे सारखे हवेत. मग स्टार करून लाइन-लाइन मोजा. तिन्ही जोड्या सारख्या आल्या तर ठीक. एक जोडी मोठी आणि दोन लहान आल्या तर दोन्ही लहान जोड्यांत जी फेज सामाईक आहे, ती उलटी. डेल्टा करायचाच असेल तर दोन कोपरे जोडा, तिसरा उघडा ठेवून त्या फटीत मीटर लावा. आकडा शून्याजवळ आल्याशिवाय तो कोपरा जोडू नका.

तुमच्या स्टेटरसाठी: आधी डेल्टाचा एक कोपरा तोडा, तापणं लगेच थांबेल. कॉइलमधले सांधे हाताशी असतील तर २, ४, ६ आणि ८ ची टोकं अदलाबदल करा. एनॅमल नीट खरवडून मगच सोल्डर करा. सांधे रेझिनमध्ये गाडले असतील तर बाहेरच्या कडेनं जपून कोरून काढावे लागतील. नुसती मधल्या फेजची टोकं बदलली तर उष्णता जाईल, पण व्होल्टेज एक-तृतीयांशच राहील. आणि सहाही टोकं बाहेर काढून ठेवा, म्हणजे स्टार की डेल्टा हे स्वतः मोजून ठरवता येईल. सुट्या फेजचे तीन आकडे इथे लिहा, मी पाहतो.