उपासमारीनं सत्ता पडत नाही
इतर देशांनी आर्थिक निर्बंध आवळले की उत्तर कोरियाची राजवट भुकेनंच कोसळेल, असं मी वाचलेल्या एका लेखाच्या लेखकाचं म्हणणं. आमच्या इंदुरात रामबागेतल्या संध्याकाळच्या कट्ट्यावरही परवा सगळ्यांचा हाच सूर होता. मला नाही पटत. १९९० च्या दशकातल्या दुष्काळात तिथे लाखो माणसं मेली, पण सत्तेवरच्या किम घराण्याचं काय बिघडलं? रेशन सरकारच्या हातात. कुणाला राजधानीत राहायला मिळणार आणि कुणाला खाणीत पाठवणार, हे ‘सोंगबुन’वर ठरतं, म्हणजे आजोबा-पणजोबा कुणाच्या बाजूचे होते त्यावर. एकाच्या अपराधापायी अख्खं कुटुंब कैद्यांच्या छावणीत. मग बंड करणार कोण? खरी धास्ती असते ती जवळच्यांची. २०१३ मध्ये सत्ताधीश किम जोंग-उननं आत्याच्या नवऱ्यालाच, चांग सोंग-थेकला, देहदंड दिला. (आणि तोवर हा गृहस्थ दुसऱ्या क्रमांकाचा समजला जायचा!) सरकार जरा नमलं ते २००९ च्या नोटाबदलानंतर. शंभर जुन्या वॉनला (वॉन म्हणजे तिथलं चलन) एक नवा, तोही ठरावीक रकमेपर्यंतच. खासगी बाजारात चार पैसे जोडलेल्या बायाबापड्यांची पुंजी बुडाली, लोक खवळले आणि काही महिन्यांतच बाजारांवरचे निर्बंध सैल करावे लागले. लेखात या बाजारांवर एक ओळही नाही.