आकडा मोठा, नट उपाशी

नवा चित्रपट जाहीर झाला की आधी बजेटचा आकडा सांगतात. गोष्ट काय, काम कुणाचं, हे नंतर. वैताग आलाय या आकड्यांचा! त्यात प्रसिद्धीचा खर्च तर बहुतेकदा धरलेलाही नसतो.

एवढ्या पैशांत दोन-तीन प्रसंगांपुरत्या नटाचा वाटा किती? पहाटे मेकअप करून बसायचं, शॉट लागणार संध्याकाळी. मग हिरव्या पडद्यासमोर, काठीला लावलेल्या चेंडूकडे बघून जीव तोडून रडायचं, कारण समोरचा राक्षस पुढे संगणकावर तयार होणार. हे साधायला केवढं कसब लागतं! कौतुक मात्र राक्षसाचं. आणि एडिटिंगमध्ये प्रसंगच उडाला, तर कळवायचे कष्टही कुणी घेत नाही.

२०२३ मध्ये हॉलिवूडच्या कलाकारांनी ११८ दिवस संप केला. किमान मोबदला वाढवा, आमचे चेहरे स्कॅन करून परस्पर वापरू नका, ही त्यांची मागणी. आणि बोललं काय गेलं? कुठला भव्य चित्रपट लांबणीवर पडला ते!

सेटच्या खर्चाच्या बढाया पुरे झाल्या. श्रेयनामावलीतल्या शेवटच्या नावाचे पैसे चुकते केलेत का, तेवढं आधी सांगा.