एका वेबसाइटला दोन डोमेन कशाला? रिव्ह्यूला आमचं उत्तर

राम राम भाऊ,

आम्ही केलेल्या वेबसाइट आणि डोमेनच्या (म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या) कामाला तुम्ही दोन तारे देऊन चार तक्रारी लिहिल्या आहेत. डॉट कॉम मागितलं तर डॉट इन गळ्यात मारलं, एका वेबसाइटला दोन डोमेनचे पैसे लावले, ९९ रुपयांची ऑफर असताना घेऊ दिली नाही आणि मराठीतलं नाव मागितलं तर टाळाटाळ केली. रावेर, यावल, सावद्याकडचे बरेच वेफर्सवाले हेच विचारतात, म्हणून उत्तर इथेच सविस्तर देतो.

आधी दोन डोमेनचं. तुम्ही आणलेलं नाव म्हणजे खान्देश, त्यापुढे ‘श्री’ने सुरू होणारं तुमच्या दुकानाचं नाव, मग केळी, मग वेफर्स. इंग्रजीत तीसच्या वर अक्षरं झाली. नियमाने टिंबाच्या आधी ६३ पर्यंत चालतात, पण तुमची निम्मी ऑर्डर सुरत-बऱ्हाणपूरहून फोनवर येते. तिकडच्या व्यापाऱ्याला हे नाव एकदा तोंडी सांगून बघा. ‘खान्देश’ संपतो एस-एचवर आणि ‘श्री’ सुरू होतो एस-एचनेच. लिहिणारा हमखास एक जोडी गाळतो. ‘केळी’तल्या ळला इंग्रजीत अक्षरच नाही, शेवटच्या ईला कुणी आय लावतो, कुणी डबल ई, आणि हिंदीवाला सरळ ‘केला’ लिहून मोकळा होतो. मध्ये डॅश टाकू म्हणालात. डॅश चालतो, पण ‘डॅश’ ऐकून बरेच जण अंडरस्कोअर दाबतात, आणि तो डोमेन नोंदवताना चालतच नाही.

म्हणून पुढचं ‘खान्देश’ आणि मधलं ‘केळी’ काढलं. दुकानाचं नाव आणि वेफर्स, बस. राहिला ‘श्री’. तो पाटीवर आहे, काढता येत नाही, आणि लोक तो डबल ईनेही लिहितात, आयनेही. दोन्ही स्पेलिंगं घेतली ती यासाठी. वेबसाइट एकच, होस्टिंग (वेबसाइट ठेवायची जागा) एकच; दुसरं नाव पहिल्याकडे वळवलेलं आहे. जास्तीचा खर्च म्हणजे त्या दुसऱ्या नावाची वर्षाची फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, तेवढाच. एक गोष्ट बिलात दिसत नाही, पण केलेली आहे: नाव नुसतं वळवलं तर वेबसाइट वळते, मेल वळत नाही. दुसऱ्या स्पेलिंगवर पाठवलेली ऑर्डर परत फिरली असती. त्या नावाची एमएक्स नोंद (मेल कुठे पोचवायचा ते सांगणारी) वेगळी लावून मेल तुमच्या एकाच इनबॉक्समध्ये आणला आहे. घरून एखादा मेल टाकून तपासा.

डॉट कॉम. ते तुमच्या आधी कुणीतरी नोंदवून विक्रीला ठेवलंय आणि किंमत डॉलरमध्ये सांगतोय. ‘आमचं नाव आहे, केस करू’ हे तुम्ही दुकानातही म्हणाला होतात. डॉट कॉमच्या वादात तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नाव तुमच्या ट्रेडमार्कशी मिळतंजुळतं आहे, समोरच्याचा त्यावर हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने नोंदवलं व वापरलं. तुमचा ट्रेडमार्क अजून नाही, त्याची नोंदणी तुमच्या दुकानाआधीची. असे वाद ऐकणाऱ्या जिनिव्हाच्या वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे) एका पंचाची फीच १,५०० डॉलर आहे, वकील वेगळा. त्यापेक्षा वर्ग २९ मध्ये ट्रेडमार्कचा अर्ज करा, केळीचे वेफर्स त्यात येतात. डोमेन घेतलं म्हणजे ट्रेडमार्क मिळाला असं होत नाही. आणि ‘जळगाव केळी’ला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा त्या शब्दांवर एकट्याचा हक्क सांगायला जाऊ नका.

डॉट इन कमी दर्जाचं हा गैरसमज आहे. २००५ पासून ते सगळ्यांना खुलं आहे, निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) चालवते, आणि गूगल ते भारतातल्या गिऱ्हाइकासाठीचं म्हणून धरतं. तुमचा सगळा माल देशातच जातो. उद्या आखाती देशांत कंटेनर पाठवायला लागलात तर डॉट कॉमचा विचार करू. डॉट इनला मालकाचं नाव-पत्ता लपवण्याची सेवा चालत नाही. पॅन आणि पत्त्याचा पुरावा मागितला तो नोंद खरी आणि तुमच्याच नावाची व्हावी म्हणून.

९९ रुपयांची ऑफर आम्ही बघितली होती, डॉट स्टोअरची. ९९ हा पहिल्या वर्षाचा भाव. दुसऱ्या वर्षापासून तेच नाव काही हजारांत जातं, आणि ते त्याच पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आता तुमच्या पाऊचकडे बघा, वेबसाइटचं नाव त्यावर छापायचं असतं. ग्रॅव्ह्युअर छपाईला जितके रंग तितके सिलिंडर. नाव बदललं की ते ज्या रंगात आहे तो सिलिंडर पुन्हा कोरायचा, आणि छापून पडलेले रोल रद्दीत. एक वर्ष वापरून सोडायचं नाव पाऊचवर टाकू नये, एवढंच आमचं म्हणणं होतं.

मराठी नावाला आम्ही नाही म्हटलं नव्हतं. डॉट भारत २०१४ पासून देवनागरीत मिळतं. अडचण वापरात आहे: आत ते एक्स-एन आणि दोन डॅशने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांत साठवलं जातं आणि काही ठिकाणी लिंक तशीच विचित्र दिसते, बऱ्याच फॉर्ममध्ये देवनागरी मेल-पत्ता टाकला तर चुकीचा म्हणून परत येतो. सुरतच्या व्यापाऱ्याच्या कीबोर्डवर तर गुजराती. हौस म्हणून तिसरं नाव वळवून ठेवायचं असेल तर जरूर घ्या. मुख्य नाव म्हणून नको.

दोन्ही डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या मेलवर आणि तुमच्या मोबाइलवर आहेत. डोमेन सांभाळायच्या पॅनेलचा पासवर्डही तुमच्याकडेच. आमच्याकडून काम काढून घ्यायचं असेल तर पॅनेलमधून ट्रान्सफर कोड (डोमेन दुसऱ्या कंपनीकडे हलवायचा) काढा, आम्हाला विचारायचीही गरज नाही. मात्र मेल बदललात तर तिथेही बदला, कारण मुदतीची आठवण त्याच पत्त्यावर येते. ऑटो-रिन्यू चालू असलं तरी कार्ड नाकारलं गेलं की नूतनीकरण होत नाही, आणि मग वेबसाइट आणि मेल एकदमच बंद पडतात. दुसरं स्पेलिंग खरंच नको असेल तर त्याचं ऑटो-रिन्यू बंद करा, ते आपोआप सुटेल. पण पुढच्या पाऊचचं आर्टवर्क प्रेसला जायच्या आधी एकदा आम्हाला पाठवा. त्यावर कोणतं स्पेलिंग आहे ते बघूनच काय सोडायचं ते ठरवू.