मे महिन्यात रेशमी क्रॅव्हॅट?

साठीनंतर टाय सोडा आणि गळ्यात रेशमी क्रॅव्हॅट (गळ्याभोवती गुंडाळायचा रुमाल) बांधा, हा एका लेखातला सल्ला वाचून हसू आलं. लेखकाने मे महिन्यात दादरहून चर्चगेट लोकल पकडून पाहावी! सतराव्या शतकात क्रोएशियन सैनिकांचे गळपट्टे पाहून फ्रेंचांनी उचललेली चीज ती, थंड मुलखात शोभते.

मी 67 वर्षांचा. फोर्टात नोकरी होती तेव्हा रोज टाय. आता फक्त हौसेने, लग्नकार्यात नाहीतर शिवाजी मंदिरला नाटकाला जाताना. स्वेटरसारखा विणलेला (निटेड) टाय घ्या, चकाकत नाही आणि गाठही सरकत नाही. विंडसरची जाड गाठ सुकलेल्या मानेखाली समोशासारखी दिसते (हे सौ.चं मत, आणि दुर्दैवाने बरोबर आहे).

खरी गोम कॉलरमध्ये आहे. वयाबरोबर मान बारीक होते, माझा 16 नंबरचा शर्ट गळ्याभोवती डुलायला लागला होता. 15 वर आलो आणि तोच टाय एकदम बसला.

आणि काढताना खेचू नका हो, गाठ सोडवा. नेहमीच्या रेशमी टायचं कापड तिरकं कापलेलं असतं, रात्रभर टांगलं की सुरकुत्या जातात. माझा 1984चा मरून रंगाचा टाय अजून ताठ आहे.